मानाचा तुकडा

नोव्हेंबरात पो नदीच्या खोऱ्यात सूर्य उगवतो तो नावापुरता. धुके नदीतून उठते, बांध चढते, खंदक ओलांडते आणि ओस्तेल्लाराचा किल्ला तळापासून गिळत वर सरकते. अखेर लाल विटांचा उंच बुरूज आणि त्यावर टांगलेल्या दोन घंटा एवढेच काय ते उरते. त्या पहाटे बुरुजावर किल्लेदार गालेओत्तो एकटाच उभा होता. नदीकडच्या तटावर एरवी तिरंदाजांचा पहारा असे; आज तिथे चिटपाखरू नव्हते, कारण त्यानेच सगळ्यांना जमिनीकडच्या वेशीवर धाडले होते. तो वाट पाहत होता. कशाची, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

इटली म्हटले की लोकांना संगमरवर आणि घुमट आठवतात. ओस्तेल्लाराच्या वाट्याला यातले काही आले नव्हते. चिकणमाती, गव्हाची शेते, वाळुंजाची झाडे आणि चुलीवर रटरटणारे वाम मासे, एवढ्यावर हा गाव शतकानुशतके पोसला होता. नदी इथे मोठे वळण घेऊन गावाच्या पायाशी येई आणि तशीच उत्तरेकडे परत फिरे. त्या वळणाच्या पोटात, पलीकडच्या तीरावर, वाळूची एक लांबट पट्टी होती. तिथे कोणी राहत नसे. गाव आणि नदी यांच्यामध्ये मातीचा एक बांध होता, आणि तो बांध होता म्हणून गाव होता. साहजिकच इथले कायदे जमिनीवरून नव्हे, पाण्यावरून ठरले होते.

बुरुजावरच्या दोन घंटांपैकी मोठी लढाईची. ती वाजली की शिपाईगडी जमिनीकडच्या वेशीवर धावत. धाकटी घंटा पुराची. ती वाजली की झाडून सारा गाव, बायाबापड्या, पाद्री, तापातून कालच उठलेला माणूससुद्धा, फावडे, टोपली आणि लांब दांडा घेऊन बांधावर हजर होई. आणि त्या क्षणापासून किल्लेदाराने आपली अधिकाराची छडी नदीच्या नाईकाच्या हाती देऊन त्याचा हुकूम मानायचा, असा शिरस्ता होता. पाणी नसताना ती घंटा वाजवणाऱ्याला मात्र क्षमा नव्हती. पणजोबांच्या काळी कोणा टवाळाने ती थट्टेने वाजवली होती. पुढच्या खेपेला ती खरी वाजली तेव्हा निम्मा गाव अंथरुणातच पडून राहिला आणि अंथरुणासकट वाहून गेला. तेव्हापासून ठरले, खोटी घंटा वाजवील त्याला नदीपलीकडे सोडून यायचे आणि पुन्हा अलीकडे येऊ द्यायचे नाही.

आता नदीचा नाईक होता नेरिओ, आणि नेरिओ हा गालेओत्तोचा सख्खा धाकटा भाऊ. किल्ल्याच्या तटाखाली, साखळदंडांनी बांधलेल्या पाणचक्क्यांची एक रांग नदीवर तरंगत असे: जोडहोड्यांवर लाकडी खोली, मधे मोठे चाक, आणि प्रवाहाने ते चाक फिरले की आतले जाते गरगरत असे. या चक्क्यांवर नेरिओची सत्ता चाले. अंगाने धिप्पाड, केसांत कायमचे पीठ, वाटेत भेटेल त्या म्हातारीची विचारपूस करणारा हा माणूस गावाला फार आवडे. गालेओत्तोला कोणी टाळत नसे, पण कोणी थांबवून बोलतही नसे. तटावर उभे राहून त्याने अख्खी उमर गावाची राखण केली होती आणि राखण करणाऱ्याची आठवण चोर आल्याशिवाय कोणाला होत नाही.

तरी वर्षातून एक दिवस त्याचा होता. सुगी झाली की नव्या गव्हाचे पहिले पीठ चक्क्यांवर दळून त्याचा एक मोठा पाव भाजत, आणि गावाच्या स्वामिनी, काउंटेस मादोन्ना ओर्तेन्सिया, तो चौकात आपल्या हाताने कापून पहिला तुकडा गावाच्या रक्षणकर्त्याला देत. आपल्याकडे मानाचा विडा असतो तसाच हा मान. त्यांचे यजमान हयात होते तेव्हापासून तो तुकडा गालेओत्तोच्याच हाती पडत आला होता. तो त्यातला अर्धा खाई आणि उरलेला रुमालात बांधून ठेवी, अगदी बुरशी येईपर्यंत.

त्या वर्षी वसंतात मोठा पूर आला. बांधाला भगदाड पडले, तेव्हा नेरिओने आपली सर्वांत जुनी चक्की त्यात बुडवून ते बुजवले आणि गाव वाचवला. सुगीनंतर चौकात पाव आला. सवयीने गालेओत्तो एक पाऊल पुढे सरला. मादोन्ना ओर्तेन्सिया यांनी तुकडा उचलला, आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाल्या, "नेरिओ, यंदाचा मान तुमचा." लोकांनी टोप्या उडवल्या. पुढे टाकलेले पाऊल मागे कसे घ्यावे हे गालेओत्तोला कळेना, म्हणून तो खाली वाकून बुटाचा बंद बांधत बसला. त्या बुटाला बंद नव्हताच, आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होते.

हसू नका. पावाच्या तुकड्यासाठी एवढे काय, असे ज्याला वाटते त्याच्या ताटातले कधी कोणी उचलून दुसऱ्याला वाढलेले नाही. त्या दिवसापासून गालेओत्तोने भावाला पाण्यात पाहायला सुरुवात केली. नेरिओ हसला तर हा आपल्याला हसतो असे त्याला वाटे, आणि गप्प राहिला तर याला गर्व चढला असे वाटे. तटावरून त्याला चक्क्यांची चाके ऐकू येत, थप थप थप, जणू कोणी टाळ्या वाजवते आहे, आणि तो कानात कापूस घालून झोपे.

शरदात उत्तरेकडच्या ड्यूकची फौज आली आणि तिने गावाला वेढा घातला. कोठारात गहू भरपूर होता. पण गहू चावून खाता येत नाही, त्यामुळे साऱ्या गावाचा जीव त्या चक्क्यांवर टांगलेला होता. तटावरचे तिरंदाज चक्क्यांचे रक्षण करीत आणि चक्क्या तिरंदाजांना भाकर देत. भर दरबारात मादोन्ना म्हणाल्या, "पीठ कमी पडते आहे. मुले उपाशी निजतात." तेव्हा गालेओत्तोला राहवले नाही.

"सरकार, माझे शिपाई सणवार न बघता तटावर उभे आहेत," तो म्हणाला. "चक्कीवाल्यांचे तसे नाही. आता संत कातेरीनाचा दिवस येईल, चाके बांधून मंडळी मेजवानीला बसतील. शत्रूला तेवढी सणाची कल्पना देऊन ठेवावी, म्हणजे तोही उसंत घेईल."

दरबारात खसखस पिकली. संत कातेरीना ही चक्कीवाल्यांची कैवारी, आणि तिच्या दिवशी ओस्तेल्लारात एकही चाक फिरत नसे. त्या दिवशी चाक फिरवणाऱ्याचा हात चाकात जातो अशी समजूत होती. नेरिओचे कान लाल झाले. तो वाकून मुजरा करून निघून गेला. गालेओत्तोला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

त्याच आठवड्यात कैद्यांच्या अदलाबदलीसाठी एक दिवस लढाई थांबली, आणि ड्यूकचा वकील लुपेर्तो बांधावर आला. गुळगुळीत चेहऱ्याचा, गोड बोलणारा हा गृहस्थ समोरच्याचे दुखणे नेमके कुठे आहे ते हुंगून काढण्यात तरबेज होता.

"किल्लेदारसाहेब," तो म्हणाला, "आपल्यासारखा वीर आमच्याकडे असता तर त्याच्यासमोर पिठाच्या गिरणीवाल्याला कोणी पाव भरवला नसता."

"वकीलसाहेबांनी कामाचे बोलावे."

"कामाचेच बोलतो. आमच्या सरकारांस हा गाव उद्ध्वस्त करावयाचा नाही. चक्क्या जळाल्या की तह होईल. आणि तह गिरणीवाल्याशी होत नसतो, किल्लेदाराशी होतो. एका सकाळी नदीकडचा तट मोकळा असावा, इतकेच."

गालेओत्तोला गाव बुडवायचा नव्हता, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. किल्ल्यात दळायला हातजाती होती. चार दिवस हाल होतील, तह होईल, लोक पुन्हा तटाकडे मान वर करून पाहतील, असा त्याचा हिशेब होता. मत्सराला हिशेब फार चांगला येतो, फक्त त्यात नेहमी एक आकडा लिहायचा राहतो.

"माणूस मरता कामा नये," तो म्हणाला. "संत कातेरीनाच्या सकाळी या. त्या दिवशी चक्क्यांवर कोणी नसते. सारे देवळात असतात."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते असे.

तर ती ही सकाळ. गालेओत्तो बुरुजावर उभा होता. धुक्यात नदी दिसत नव्हती, पण वरच्या अंगाला वल्ह्यांना चिंध्या गुंडाळलेल्या नावा प्रवाहाबरोबर खाली सुटल्या असतील, त्यांत डांबराचे पलिते असतील, हे त्याला ठाऊक होते. देवळाची घंटा झाली. आता मंडळी आत गेली असतील, असे म्हणून त्याने सुस्कारा टाकला, आणि तेवढ्यात त्याच्या पायाखालच्या धुक्यातून आवाज आला: थप थप थप.

प्रथम त्याला वाटले भास झाला. मग दुसरे चाक सुरू झाले, मग तिसरे. त्याने तटावरून खाली वाकून पाहिले, दिसले काहीच नाही, पण चाकांच्या वर माणसांचे आवाज येत होते, आणि त्यात एक ओळखीचा भसाडा आवाज कोणाला तरी सांगत होता, "संत कातेरीना मला काय करायचे ते करो. हात गेला तर माझा जाईल. दादा भर दरबारात बोलला ते खोटे नव्हते, पोरे उपाशी आहेत." त्यांच्या बोलीत थोरल्या भावाला दुसरे काही म्हणत असतील, पण तो शब्द ज्या सुरात उच्चारला गेला त्याला मराठीत दादा एवढाच शब्द आहे.

भावाला त्या चक्कीवर गालेओत्तोच्याच टोमण्याने चढवले होते. खोटे कशाला बोलावे, एक क्षण, फक्त एक क्षण, त्याच्या मनात असेही आले की आता इलाज नाही, जे व्हायचे ते होवो. आणि पुढच्या सुगीला चौकात नेरिओ नसेल. तो विचार त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्याला शिसारी आली.

लढाईची घंटा हाताशी होती. ती वाजवावी तर शिपाई होते तिथेच, जमिनीकडच्या वेशीवर, आणखी घट्ट उभे राहिले असते. नदीकडे माणसे आणायची तर एकच उपाय होता. पण ती पुराची घंटा वाजवली की छडी नेरिओच्या हाती द्यावी लागणार होती, साऱ्या गावासमोर. आणि पाणी तर तळाला गेले होते, म्हणजे घंटा खोटी ठरणार होती, आणि खोट्या घंटेची शिक्षा तो स्वतः दुसऱ्यांना वाचून दाखवत आला होता. त्याने धाकट्या घंटेचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि अंगातले सारे बळ लावून ओढला.

ओस्तेल्लारात त्या घंटेला कोणी कारण विचारत नाही. देवळातली प्रार्थना अर्धी राहिली. चुली तशाच पेटत्या राहिल्या. फावडी, टोपल्या, दांडे घेऊन माणसे धुक्यातून बांधावर आली, आणि पाणी कुठे आहे म्हणून पाहतात तो नदीवर पलित्यांच्या लाल ठिणग्या दिसल्या. गालेओत्तो नदीकडच्या दिंडी दरवाजातून धापा टाकत खाली उतरला. पहिली चक्की पेटली होती. नेरिओ दुसरीच्या कठड्यावर उभा होता, हातात वल्हे, चेहऱ्यावर प्रश्न.

गालेओत्तोने गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरून छडी आडवी धरली आणि लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नदीचे नाईक, घंटा झाली आहे. आपण हुकूम करावा."

नेरिओने एकदा उतरलेल्या पाण्याकडे पाहिले, एकदा भावाच्या तोंडाकडे, आणि छडी घेतली. "दांडेवाले पुढे," तो ओरडला. "टोपल्यांची रांग धरा. ओली माती आगीवर. दादा, तूही रांगेत."

पुरात वाहून येणारे ओंडके बांधावर आदळू नयेत म्हणून ते लांब दांड्यांनी लोटण्यात या गावाची हयात गेली होती. शत्रूच्या नावाही लाकडाच्याच. बायांनी, म्हाताऱ्यांनी, पाद्र्यांनी दांडे रोवून त्या नावा प्रवाहात ढकलल्या; ज्या ढकलल्या गेल्या त्या खाली वाळूत जाऊन रुतल्या. शत्रूचे बाण आले, दगड आले. हातोहात टोपल्या गेल्या आणि आग ओल्या मातीखाली गुदमरली. किल्लेदार दोन कुंभारणींच्या मधे उभा राहून टोपल्या पुढे देत होता. धुके विरले तेव्हा एक चक्की जळून गेली होती, बाकीच्यांची चाके फिरत होती, आणि बर्तोलो नावाचा म्हातारा चक्कीवाला छातीत बाण घेऊन पिठाच्या पोत्यावर मरून पडला होता.

पुढे थंडी पडली, ड्यूकच्या छावणीत ताप शिरला आणि वेढा उठला. सुगीची वाट न पाहता मादोन्ना ओर्तेन्सिया यांनी चौकात पाव आणवला. लोक दाटीने उभे होते. त्यांनी पहिला तुकडा कापला आणि त्या गालेओत्तोसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"किल्लेदार, पाणी नव्हते, पण आग होती. ती घंटा खोटी होती असे आम्ही मानत नाही. हा मान आपला."

तुकडा त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. ताज्या पावाची वाफ त्याच्या नाकात गेली. एवढे दिवस ज्याच्यासाठी जळला तोच तुकडा, आणि घ्यायला कोणाची हरकत नाही. लुपेर्तो निघून गेला होता, दुसरे कोणी जाणत नव्हते. गालेओत्तोची नजर गर्दीत बर्तोलोच्या बायकोवर पडली. तीसुद्धा त्याच्याकडे कौतुकाने पाहत होती.

"सरकार, तट मी मोकळा केला होता," तो म्हणाला. "शत्रूला दिवस मी सांगितला. भावाचा मान मला पाहवला नाही. बर्तोलो माझ्यामुळे गेला."

बर्तोलोच्या बायकोने डोईचा रुमाल तोंडाला लावला. मादोन्ना यांनी तुकडा परत ताटात ठेवला.

"फितुरीला फास आहे," त्या म्हणाल्या. "परंतु आपल्या फितुरीला साक्ष केवळ आपल्याच तोंडाची, आणि आपण वाजवलेल्या घंटेला सारा गाव साक्षी आहे. गावाने जे कानांनी ऐकले त्याचाच न्याय आम्ही करू. पाणी नसताना घंटा वाजली. आपण नदीपलीकडे जावे. मध्ये नदी आहे तोवर ओस्तेल्लारात पाऊल ठेवू नये."

शिरस्त्याप्रमाणे हद्दपाराला पलीकडे नेण्याचे काम नदीच्या नाईकाचे. नेरिओने वल्ही मारली. अर्धी नदी मागे पडली.

"दादा," नेरिओ म्हणाला, "एका तुकड्यासाठी?"

"तुकड्याचं नाही रे. तो घेताना तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस."

नेरिओची वल्ही थांबली. "लाज वाटत होती म्हणून नाही पाहिलं. तू पुढे आलेला मला दिसला होतास. तुझ्या बुटाला बंद नाही, हेही मला माहीत होतं."

वाळूच्या पट्टीवर उतरताना गालेओत्तोने भावाच्या हाताचा आधार घेतला नाही.

तिथे त्याने वाळुंजाच्या फांद्यांची झोपडी केली, टोपल्या विणल्या, वाम मासे धरले. समोर गाव दिसे, चाके ऐकू येत. चांगला झाला म्हणाल तर तसेही नाही. सुगीच्या दिवशी चौकातला गलका पाण्यावरून आला की यंदा तुकडा कोणाला मिळाला असेल या विचाराने तो अजूनही तळमळे. वर्षे गेली. दोघा भावांचे केस पिकले, एकाचे पिठाशिवायही.

मग एका शरदात असा पूर आला की तसा कोणी पाहिला नव्हता. त्या पट्टीवर एकच उंचवटा होता, आणि त्यावरच्या वाळुंजाला कवटाळून गालेओत्तो बसून राहिला. पुराची घंटा वाजत राहिली आणि बांध टिकला. पाणी ओसरले तेव्हा लोकांनी डोळे चोळले. नदीने उत्तरेकडे वळणाची मान तोडून सरळ वाट धरली होती. गावाच्या पायाशी होता तो नुसता चिखल आणि साचलेले पाणी. चक्क्या कलंडून पडल्या होत्या, चाके वाऱ्यानेही हलत नव्हती. गालेओत्तोने ते पाहिले आणि त्याला पहिल्यांदा काय वाटले असेल तर आनंद वाटला. भावाची नदी गेली, या विचाराने त्याला गुदगुल्या झाल्या. मग त्याच्या कानांना थप थप ऐकू येईना, आणि ते न ऐकू येणे इतके असह्य झाले की तो झोपडीच्या दारात बसून रडला.

नवी नदी आता त्याच्या पाठीमागे वाहत होती. वृद्ध मादोन्नांपुढे हद्दपारीचा प्रश्न गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही नदीपलीकडे म्हटले होते. आता मध्ये नदी नाही. नदीच्या निकालावर आमचा निकाल चालत नाही."

हा निरोप घेऊन चिखल तुडवत नेरिओ पलीकडे आला, म्हणजे आता अलीकडेच म्हणायचे. पाय गुडघ्यापर्यंत बरबटलेले, काखेत फडक्यात गुंडाळलेला पाव. तो झोपडीपुढे बसला.

"शेवटचं पीठ," तो म्हणाला. "चक्कीत उरलं होतं तेवढं."

त्याने पाव दोन्ही हातांनी मोडला. मोडताना एक तुकडा मोठा झाला आणि एक लहान. गालेओत्तोची नजर आधी मोठ्या तुकड्यावर गेली, हे नेरिओला दिसले, आणि आपल्याला दिसले हे दादालाही कळले, म्हणून नेरिओला हसू आले. त्याने मोठा तुकडा पुढे केला.

या खेपेस तो सरळ भावाच्या तोंडाकडे पाहत होता. गालेओत्तोने हात लांब केला, नेरिओच्या दुसऱ्या हातातला लहान तुकडा उचलला, आणि सगळा तिथेच खाऊन टाकला.